न दुखणारी जखम

कोजागरी जवळ आली की सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून वाहू लागतो. सुमारे ४५ किलोमीटरांची ही वाट हजारो भाविक पायी चालतात आणि त्यांतले कित्येक अनवाणी असतात. माझे मामा त्यांतलेच एक. यंत्रमागावर टॉवेल विणण्यात त्यांचे आयुष्य गेले. पासष्टी ओलांडलेली आणि मधुमेहाची सोबत चौदा वर्षांची. काही वर्षांपूर्वी ते असेच दर्शन घेऊन परतले, प्रसाद वाटला, जेवले आणि झोपले. तिसऱ्या दिवशी मामींना अंथरुणाच्या चादरीवर पिवळसर डाग दिसला. मामांच्या डाव्या तळव्यात काचेचा तुकडा रुतून बसला होता आणि भोवती पू झाला होता. मामांना त्याची वार्ताही नव्हती.

‘दुखलं कसं नाही?’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला. उत्तर मधुमेहाच्या स्वभावातच आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतूंची हानी होते. शरीरातील सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात, म्हणून बिघाडाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. प्रारंभी मुंग्या येतात, तळवे जळजळतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. पुढे हळूहळू बधिरता येते. कित्येकांना तर आधीची जळजळ जाणवतही नाही, थेट बधिरताच येते. जळजळ आपोआप थांबली म्हणून आनंदणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पण कधी कधी ते थांबणे म्हणजे संवेदनाच गेल्याची खूण असते. त्याच बिघाडामुळे तळव्यांना घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडून भेगाळते. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर जखम भरून यायला पुरेसे रक्त पोहोचत नाही.

वेदना नसणे किती महाग पडते, हे कुष्ठरोग्यांच्या सेवेतून जगाला उमगले. डॉ. पॉल ब्रँड हे भारतात जन्मलेले ब्रिटिश शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करीत. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडतात, हा समज त्यांनी खोडून काढला. संवेदना गेल्यामुळे चटके, जखमा आणि सततचा दाब लक्षात येत नाही आणि त्यातून अवयव गमवावे लागतात, असे त्यांनी दाखवले. पुढे अमेरिकेत गेल्यावर हीच दृष्टी त्यांनी मधुमेहींच्या पायांसाठी वापरली. ज्या पायाला स्वतःची राखण करता येत नाही, त्याची राखण डोळ्यांनी करावी लागते.

हे डोळे बहुधा दुसऱ्या कुणाचे असावे लागतात. उतारवयात वाकता येत नाही, मधुमेहाने दृष्टीही अधू झालेली असू शकते. म्हणून रोज रात्री घरातल्या कुणीतरी पाच मिनिटे काढून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्याची उष्णता पायाने नव्हे, तर घरातल्या धडधाकट माणसाने कोपराने अजमावावी. मग मऊ टॉवेलने बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात (सोलापूरकरांना टॉवेलची वाण नाही!) आणि तळव्यांना खोबरेल लावावे, बेचक्यांत मात्र नाही. चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवून पाहावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर बधिर तळवे भाजतात आणि फोड दिसेपर्यंत कळत नाही. दर्शनाला पहाटे जावे, मोजे घालावेत.

एका जुन्या उपायाविषयी आवर्जून लिहितो. कुरूप झाले, काटा रुतला की बिब्ब्याचा चटका देण्याची आपल्याकडे रीत आहे. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. बधिर पायाला तो चटका समजत नाही आणि जखम खोल जाते. ब्लेडने कुरूप कापणे, गरम विटेने शेकणे हेही तितकेच घातक. जखमेभोवती लाली, सूज, दुर्गंधी, काळपटपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

मामांची जखम भरायला अडीच महिने लागले. त्या काळात त्यांच्या मनाचे काय झाले, ते मात्र आम्हांला उशिरा कळले. ते पारावर जाईनात. साखर तपासायची म्हटले की टाळाटाळ करू लागले. एकदा मामींना म्हणाले, “गोळ्या घेऊन काय उपयोग? जायचा तो पाय जाणारच. तुमच्यावर उगीच ओझं.” आम्ही काय करीत होतो? भाकरी मोजत होतो. “अण्णा, आधीच सांगितलं होतं,” हे त्यांच्या मुलाचे वाक्य दिवसातून दोनदा तरी घरात घुमे. शेंगाचटणीकडे हात गेला तरी चार जोड्या डोळे त्या हाताकडे वळत.

मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. त्याखेरीज, नैराश्य नसले तरी, रोजची पथ्ये, सुया, तपासण्या आणि उद्याची धास्ती यांचा एक वेगळा शीण असतो. शिणलेला माणूस औषध चुकवतो, साखर वाढते, आणि वाढलेली साखर पाहून तो अधिकच खचतो. ‘साखर किती आली?’ या प्रश्नाआधी ‘आज कसं वाटतंय?’ असे विचारणारे कुणी घरात हवे. दोन आठवडे कशातच रस नसेल, मन सतत उदास असेल, तर ते म्हातारपण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

मात्र प्रत्येक चिडचिड मनाचीच नसते. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी नवरात्राचे उपवास केले तर साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, अकारण संताप दिसला तर आधी साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. उपवासाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

पुढच्या कोजागरीपूर्वी डॉक्टरांनी नायलॉनच्या बारीक तंतूने मामांचे तळवे तपासले. अनेक ठिकाणी त्यांना स्पर्श कळला नाही. पायी जाणे बंद. मामा दोन दिवस बोलले नाहीत. मामी एवढेच म्हणाल्या, “अहो, पायच राहिले नाहीत तर पुढच्या वर्षी आईकडं कसं जाणार की?”

त्या वर्षी मामा पहाटेच्या एसटीने, मोजे घालून दर्शनाला गेले. संध्याकाळी तुळजापूर रस्त्यावरच्या पाणपोईवर, पायात नवे बूट चढवून, चालणाऱ्यांना पाणी देत बसले. एखादा पिकल्या केसांचा अनवाणी भाविक पाणी प्यायला टेकला की मामा हातातली विजेरी लावून म्हणत, “शुगर हाय का तुम्हाला? पाय वर करा बघू जरा.”