धसका, दुःख की डिप्रेशन?

अप्रेझल बिघडलं की ‘डिप्रेशन आलंय यार’, बॉसचा मिस्ड कॉल दिसला की थेट ‘ट्रॉमा’! टी-ब्रेकमध्ये हे शब्द सर्रास फिरतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. महाड-पोलादपूरला मात्र बिघडू शकतं.

२२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ८०हून अधिक माणसं गेली, काहींचे मृतदेह सापडलेच नाहीत. त्याच पावसात महाड शहर पाण्याखाली होतं आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. त्याआधी २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बसही गेल्या. आता या भागात पावसाळी रात्री कुणी टक्क जागं असेल, तर त्याला झालंय तरी काय?

नुसतं ‘झोप लागते का?’ विचारलंत तर सगळ्यांचं उत्तर एकच येणार. संशोधकांची खरी कसोटी इथेच लागते. खरं तर मराठीकडे शब्द तयार आहेत. पाणी उंबऱ्याला लागलंय, ती भीती. लागेल का, ही धास्ती. ओसरून वर्षं झाली तरी आत बसलेला, तो धसका. पीटीएसडी या धसक्याच्या जवळचा: प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे येतो, माणूस ती वाट टाळतो, दचकतो आणि हे महिन्याहून जास्त टिकतं. पण जिथे दरड खरोखरच पुन्हा येऊ शकते, तिथे बॅटरी नि कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन जागणारा आजारी कसा? तो शहाणा!

दुःखाचं गणित वेगळं. धसका बसलेला माणूस त्या आठवणीपासून पळतो. दुःखातला गेलेल्या माणसाकडे ओढला जातो, त्याचा शर्टही धुवू देत नाही. डिप्रेशनमध्ये कशातच मन लागत नाही, स्वतःचीच किंमत वाटेनाशी होते. लांबलेल्या तीव्र शोकाला २०२२मध्ये अमेरिकेच्या डीएसएममध्ये वेगळं निदान म्हणून जागा मिळाली, मोठ्यांसाठी अट किमान एक वर्षाची. (आपलं वर्षश्राद्ध आठवलं ना?) जागतिक आरोग्य संघटना सहाच महिने धरते. शोकाला आजार म्हणण्यावर अनेकांचा आक्षेप आहे, आणि तो मला पटतोही. पण फरक करण्याचा फायदाही दिसलाय. कॅथरिन शिअर यांच्या २०१६च्या अमेरिकन अभ्यासात शोकासाठीच्या खास थेरपीला डिप्रेशनच्या गोळीची जोड दिली, तेव्हा डिप्रेशनची लक्षणं आणखी कमी झाली. शोकात मात्र गोळीने विशेष भर पडली नाही.

आणि ज्यांना मृतदेहच मिळाला नाही? पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा अधांतरी दुःखाला वेगळं नाव दिलं. माणूस गेलाय हे डोक्याला कळतं, पण दारावर थाप पडली की कान टवकारतातच. त्याला ‘आता विसर’ म्हणणं, किंवा सरसकट झोपेची गोळी देणं, दोन्ही चुकीच्या पत्त्यावर टाकलेली पत्रं. अशा माणसाशी बोलायला कुणी हवं असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो.