ढगांआडचं भात

जुलैतला रत्नागिरीचा उपग्रह-फोटो बघा: नुसता पिंजलेला कापूस! आणि नेमकी तेव्हाच भातलावणी चाललेली. म्हणून इथे रडार लागतं. ते स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं. त्याला ना ढग अडवत, ना रात्र.

खरी गंमत खाचरात आहे. चिखलणीनंतर साचलेलं पाणी आरशासारखं वागतं, लहरी पलीकडे उडून जातात आणि चित्रात शेत काळं दिसतं. मग तरवा रुजतो, फुटवे येतात. लहर पाण्यावरून रोपावर आपटून माघारी फिरते, काळं खाचर आठवड्यागणिक उजळत जातं. शेजारची आंबा-काजूची बाग असा रंग पालटत नाही. हा चढता आलेख हीच भाताची ओळख.

युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. इस्रोचा असाच ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ मध्ये अवकाशात गेला, तर नासा-इस्रोचा निसार ३० जुलै २०२५ ला. तो दर १२ दिवसांनी तीच जागा टिपतो.

पण सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, आणि आपले भाताचे कोपरे केवढेसे! त्यात डोंगराची सावली. सखल खलाटीतलं भात सापडतं. उताराच्या वरकस जमिनीवर पाणीच साचत नाही, तिथे रडार चकतं. शिरगावच्या संशोधन केंद्राची कुठली जात लावलीत, हे तर बांधावर जाऊनच विचारायचं.