पद गेलं, काम येतं ते येतंच

पंचेचाळिशीत नोकरी गेली की डोक्यात एकच चक्र सुरू होतं: मॉर्गेज, मुलांची फी, आणि रविवारी आईला फोनवर काय सांगायचं? थांबा. 'रिडंडन्सी' म्हणजे ब्रिटनच्या कायद्यात पद रद्द होणं. नालायक ठरलात असा त्याचा अर्थ नाही.

'आता कोणतं करिअर?' हा दुसरा प्रश्न. पहिला: हातात वेळ किती? एकाच ठिकाणी सलग 2 वर्षं नोकरी झाली असेल, तर कायद्याने भरपाई मिळते. वयाच्या 41 नंतरच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी दीड आठवड्याचा पगार. मात्र आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा आहे आणि जास्तीत जास्त 20 वर्षं धरतात. स्किल्ड वर्कर व्हिसा असेल तर हिशोब वेगळा. होम ऑफिस व्हिसा कमी करून बहुधा 60 दिवस देतं. तेव्हा आधी नवा स्पॉन्सर, करिअरबदल मागाहून.

वेळ असेल तर उडी मारू नका, चाखून बघा. नोटीसच्या काळात मुलाखतीसाठी किंवा प्रशिक्षण ठरवण्यासाठी वाजवी रजा मागता येते. त्याच कंपनीने दुसरं काम देऊ केलं, तर ते 4 आठवडे करून पाहता येतं. खरोखरच जमण्यासारखं नसेल, तर भरपाईचा हक्क जात नाही.

मग कागद घ्या. पदांची नावं लिहू नका, कामं लिहा. 'ऑडिट मॅनेजर' नाही, तर 'हिशोबातली चूक पकडतो, ती न दुखावता सांगतो'. अशी नजर कौन्सिललाही लागते, शाळेलाही.

आणि आईला खरं सांगा.