मुलांचे वर्तन, मुलांचे मन (लेखांक ६) : आघातानंतरचा खेळ

जीवावर बेतल्याच्या अनुभवाने मनाची सोसण्याची शक्ती ओलांडली जाते, तेव्हा त्याला मानसशास्त्रात आघात म्हणतात. मोठी माणसे असा अनुभव आज ना उद्या शब्दांत मांडू शकतात; लहान मुलाजवळ त्याला पुरेल एवढी भाषा नसल्यामुळे तो वागण्यातून, आणि विशेषेकरून खेळातून, बाहेर पडतो.

या अभ्यासाला वळण देणारी घटना कॅलिफोर्नियातील चाउचिला या लहानशा गावी घडली. १५ जुलै १९७६ रोजी तीन तरुणांनी शाळेची बस अडवून २६ मुलांचे व चालकाचे अपहरण केले, झाकलेल्या गाड्यांतून त्यांना कित्येक तास फिरवले आणि अखेर एका खाणीत पुरलेल्या मालमोटारीच्या डब्यात कोंडले. सुमारे १६ तासांनी चालकाने व थोरल्या मुलांनी वाट उकरून सर्वांची सुटका केली. मुले धडधाकट परतली, म्हणून ती सावरली असेही मानले गेले. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी मात्र पुढे त्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, चार-पाच वर्षांनी पुन्हा त्यांची भेट घेतली, आणि तपासलेल्या प्रत्येक मुलात आघाताच्या खुणा त्यांना आढळल्या.

त्यांतील काही मुलांना वाटे की, घटनेपूर्वी आपल्याला एक अपशकुन झाला होता आणि तो वेळीच ओळखला असता, तर पुढचे सारे टळले असते. ही समजूत भाबडी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. आपण पूर्णपणे असहाय होतो हे मान्य करण्यापेक्षा स्वतःला दोषी धरणे मुलाला सुसह्य वाटते, कारण दोषात निदान पुढच्या वेळी सावध राहण्याची आशा असते.

टेर यांनी नोंदवलेला आघातोत्तर खेळ हा याहूनही सहज नजरेआड होणारा प्रकार आहे. दवाखान्यातून आलेले मूल बाहुलीला इंजेक्शन देते, खेळ बदलत जातो आणि भीती ओसरते, हा खेळाचा नेहमीचा गुण होय. आघातोत्तर खेळात तोच प्रसंग त्याच क्रमाने, आनंदाचा लवलेश नसताना, पुन्हापुन्हा घडतो, तो खेळून मुलाला हलके वाटत नाही, आणि खेळाचा घटनेशी असलेला संबंध बहुधा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसतो; पालकांना मात्र मूल खेळात रमल्याचा दिलासा वाटतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा सहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी आघातोत्तर ताणविकृतीचे वेगळे निकष दिले आणि खेळातून होणारी अशी पुनरावृत्ती त्यांत नमूद केली.

सुटलेली सवय परतणे, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे किंवा आईला क्षणभरही न सोडणे, यास प्रतिगमन म्हणतात. तिकडे घरच्यांचे लक्ष लवकर जाते. वर्गात अडचण अधिक असते. दाराच्या प्रत्येक आवाजाकडे कान लावून बसलेल्या मुलाचे फळ्याकडे लक्ष नसते आणि त्याला चंचल ठरवले जाते, तर भीतीने गोठलेले, कधीच काही न मागणारे मूल गुणी म्हणून वाखाणले जाते, आणि त्याच्याविषयी कोणी विचारपूसही करत नाही. घटनेपूर्वी मूल कसे होते, हे ठाऊक असलेल्या व्यक्तीचे म्हणणे म्हणूनच तपासणीत मोलाचे ठरते, आणि बदललेले वागणे महिन्याहून अधिक टिकले, तर बालमानसतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक असते.