तंबाखूच्या संशोधनांतील कांहीं शब्द आणि शेतकरी

तंबाखूविषयीं वैद्यशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ व सरकारें जें कांहीं लिहितात, त्यांत ठराविक दहापांच शब्द पुनः पुनः येतात. ‘निकोटीन’, ‘डांबर’, ‘व्यसन’, ‘सापेक्ष धोका’, ‘तंबाखू-नियंत्रण’ हे त्यांतले मुख्य. हे शब्द शहरांतील सभांपुरते आहेत, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत दिसते. वस्तुतः कराचे दर, पिकाची मागणी आणि पर्यायी पिकांच्या योजना याच शब्दांत ठरतात. आणि त्यांतील निदान एक शब्द तर आपल्याच शेतांत जन्मलेला आहे. म्हणून त्यांचा अर्थ शेतकऱ्याच्या दृष्टीनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तंबाखू पिकविणाऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तसेंच त्याची भीड धरून खरें तें झांकण्याचाही नाहीं.

पहिला शब्द निकोटीन. लिस्बन येथील फ्रेंच वकील झां निको यानें १५६० च्या सुमारास फ्रान्सच्या दरबारीं तंबाखू पाठविली. त्याच्या नांवावरून या वनस्पतीस, आणि पुढें तिच्यांतील या द्रव्यास, नांव मिळालें. १८२८ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पोसेल्ट व रायमान या दोघांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. निकोटीन तयार होतें तें पानांत नव्हे, मुळांत. तेथून तें रसाबरोबर वर चढून पानांत सांठतें. झाडास इजा झाली कीं मुळें तें अधिक करूं लागतात, कारण किडींपासून रक्षण व्हावें म्हणून निसर्गानें झाडाला दिलेलें तें विष आहे. आपण शेंडा खुडतों, बगलफुटी काढतों, आणि त्यानें पान जाड व कडक होतें, हा सर्वांचा अनुभव आहे. त्या कडकपणांतील मोठा वाटा या वाढलेल्या निकोटीनचा. विडीच्या तंबाखूंत तें सिगारेटच्या पिवळ्या तंबाखूपेक्षां सामान्यतः अधिक असतें. तंबाखूचा काढा माव्यावर फवारण्याची चाल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या द्रव्याचा गुण निराळा सांगावयास नको. (पानपट्टीवर मिळणाऱ्या ‘माव्यां’तही तंबाखूच असते, एकच नांव किडीला आणि खाण्याच्या पदार्थाला कसें पडलें तें पडो.)

आतां ज्या शब्दाकडे वाचकांचें लक्ष आम्हांस विशेष वेधावयाचें आहे, तो शब्द. इंग्रजी ग्रंथांत त्यास ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ म्हणतात. आपण त्यास ‘हिरव्या तंबाखूची बाधा’ म्हणूं. निकोटीन पाण्यांत विरघळतें आणि त्वचेंतून रक्तांत शिरतें. दंवानें, पावसाच्या सरीनें किंवा घामानें ओलीं झालेलीं पानें उघड्या हातांनीं तोडून कांखेंत वा छातीशीं धरून वाहिलीं, म्हणजे एकही विडी न ओढतां निकोटीन अंगांत भिनतें. अमेरिकेंत अशा दंवाची परीक्षा केली असतां १०० मिलिलिटर दंवांत ९ मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन आढळलें. काम झाल्यावर कांहीं तासांनीं मळमळ, ओकाऱ्या, घेरी, डोकेंदुखी व विलक्षण अशक्तपणा येतो. एकदोन दिवसांत बहुधा उतार पडतो, म्हणून कोणी वैद्याकडे जात नाहीं. ‘ऊन लागलें’, ‘पित्त झालें’ किंवा ‘फवारणीचें औषध बाधलें’ एवढ्यावर विषय संपतो. अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांतील मजुरांवरून या रोगाचें वर्णन १९७० सालीं प्रसिद्ध झालें. पुढें गुजराथेंतील तंबाखूच्या मजुरांवरही अहमदाबादच्या संशोधकांनीं काम केलें.

ज्यास तंबाखूची संवय आहे त्याचें शरीर निकोटीनला सरावलेलें असतें, म्हणून त्यास ही बाधा कमी जाणवते. न ओढणाऱ्यास, न खाणाऱ्यास आणि नवख्यास अधिक. तेव्हां ‘जुन्या गड्याला कांहीं होत नाहीं, मग या पोरीलाच कसें होतें?’ असें म्हणून मजुरणीच्या दुखण्यावर अविश्वास दाखविणें हें शास्त्रदृष्ट्या चूक आहे, आणि माणुसकीस तर सोडूनच आहे. उपाय फारसे खर्चाचे नाहींत. पानें ओलीं असतां त्यांस हात घालूं नये. दंव उडाल्यावर कामास आरंभ करावा. रबरी हातमोजे व पुऱ्या बाह्यांचा सदरा द्यावा. कपडे भिजल्यास ते बदलावे व काम संपतांच साबणानें अंग धुवावें. सुकलेला पाला चुरूं नये म्हणून जेथें तो पहाटेच्या ओलाव्यांतच गोळा करावा लागतो, तेथें वेळ बदलतां येत नाहीं. पण हातमोजे देतां येतात. मुलांस व गरोदर स्त्रियांस या कामास लावूंच नये. मजुरीचा दर ठरवितांना घासाघीस करणारे आपण हातमोज्यांच्या एका जोडीची किंमत हिशेबांत धरीत नाहीं, हें मात्र आम्हांस नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

निकोटीन विष आहे म्हणून विडी मारते काय? या विषयांतला सर्वांत मोठा गैरसमज येथेंच आहे. निकोटीन माणसास बांधून ठेवतें. जीव घेतो तो मुख्यतः धूर. इंग्लंडांतील संशोधक मायकेल रसेल यांनीं १९७६ सालीं याच अर्थाचें लिहून ठेविलें आहे. झुरका घेतल्यापासून दहावीस सेकंदांत निकोटीन मेंदूस पोंचतें व क्षणभर हुशारी आणतें. सुमारें दोन तासांत रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येतें आणि मन पुनः विडीकडे धांव घेतें. याला आपल्या भाषेंत ‘तलफ’ हा नेमका शब्द आहे. तलफ म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. निकोटीनला सरावलेल्या मेंदूची ती मागणी आहे. १९८८ सालीं अमेरिकेच्या मुख्य आरोग्याधिकाऱ्याच्या अहवालानें तंबाखूची गणना व्यसन लावणाऱ्या मादक द्रव्यांच्या बरोबरीनें केली, ती याच कारणास्तव.

धुरांतील पाणी व निकोटीन वजा जातां जो चिकट काळा अंश उरतो, त्यास ‘टार’ म्हणजे डांबर म्हणतात. कर्करोग करणारीं अनेक द्रव्यें त्यांतच असतात. विडींत तंबाखू थोडी, म्हणून ती सिगारेटपेक्षां सौम्य, ही समजूत खोटी आहे. टेंभुर्णीच्या पानांतून हवा नीट खेळत नाहीं. विडी विझूं नये म्हणून झुरके वारंवार व जोरानें घ्यावे लागतात, आणि त्यामुळें डांबर भरपूर पोटांत जातें. ‘लाईट’ सिगारेटीची गोष्टही अशीच आहे. तिच्या फिल्टरला बारीक छिद्रें असतात. यंत्र ती ओढतें तेव्हां माप कमी भरतें. माणूस ओढतो तेव्हां छिद्रें बोटांनीं बुजतात व झुरका खोल जातो. युरोपीय संघानें २००१ च्या आदेशान्वयें असे शब्द पाकिटावर छापण्यास मनाई केली.

मग धूरच नसेल तर? मिश्री, जर्दा, गुटखा व चुन्याबरोबरची चिमूट हीं सर्व ‘धूरविरहित तंबाखू’ या नांवाखालीं येतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत आपल्या देशांतील प्रौढांपैकीं शेकडा २१.४ लोक अशी तंबाखू वापरतात असें दिसून आलें; ओढणारे शेकडा १०.७ होते. म्हणजे आपला प्रश्न धुराचा आहे त्याहून अधिक तोंडाचा आहे. या तंबाखूंतील मुख्य दोषी द्रव्यांस ‘नायट्रोसामाइन’ म्हणतात. हिरव्या पानांत तीं अल्प असतात. पान वाळवितांना, मुरवितांना व सांठवितांना निकोटीन आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांपासून तीं बनतात. पान ओलसर ढिगांत कुजूं दिलें कीं जंतूंच्या योगानें त्यांची वाढ होते. तेव्हां वाळवणींतील स्वच्छता व कोरडेपणा यांनीं हें विष कमी करतां येतें. नाहींसें मात्र करतां येत नाहीं, आणि ‘चांगली वाळविलेली तंबाखू निरुपद्रवी’ असा अर्थ कोणीं काढूं नये. दांत स्वच्छ राहतात म्हणून आपल्या घरांतील बायका मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच होय. ती हिरडीवर बसते, निकोटीन देते आणि तलफही लावते. ज्या घरचा कर्ता पुरुष व्यसनाविरुद्ध व्याख्यान देतो, त्याच घरीं कधीं कधीं चुलीशेजारीं मिश्रीची डबी असते.

आतां आंकड्यांचे शब्द. १९५० सालीं लंडनच्या रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं रुग्णालयांतील रोग्यांची विचारपूस करून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशीं संबंध दाखविला. त्याच वर्षीं अमेरिकेंतही असेंच संशोधन प्रसिद्ध झालें. मग १९५१ पासून त्यांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांचीच नोंद ठेवण्यास सुरुवात केली. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ सालीं बाहेर आला: सिगारेट ओढणाऱ्यांचें आयुष्य सरासरीनें सुमारें १० वर्षांनीं घटतें. साठाव्या वर्षीं सोडणारास ३, पन्नासाव्या वर्षीं ६, चाळिसाव्या वर्षीं ९ आणि तिसाव्या वर्षीं सोडणारास जवळजवळ सर्व १० वर्षें परत मिळतात. ‘आतां सोडून काय उपयोग?’ असें म्हणणाऱ्या आमच्या प्रौढ वाचकांनीं साठीचा आंकडा पुनः वाचावा.

‘सापेक्ष धोका’ म्हणजे न ओढणाऱ्याच्या तुलनेनें ओढणाऱ्यास रोग किती पट होतो तें माप. या मापानें फसगत होते. समजा, तुरीच्या एका जातीस मर दहापट लागते, परंतु मर मुळांतच हजार झाडांत एकास लागणारी आहे. उलट शेंगा पोखरणारी अळी दुप्पटच पडते, पण ती दर दहांत दोन झाडांवर असतेच. तर नुकसान अळीचेंच मोठें. तसेंच फुप्फुसाच्या कर्करोगाचें ‘पट’ मोठें असलें तरी हृदयविकार व क्षय यांनीं मरणारे संख्येनें थोडे नाहींत. भारतांतील अकरा लक्ष घरांतील मृत्यूंचा अभ्यास प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत विडी ओढणाऱ्या पुरुषांचें आयुष्य सुमारें ६ वर्षांनीं, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचें ८ वर्षांनीं आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचें १० वर्षांनीं घटलेलें आढळलें. क्षयानें मरण्याचा संभव ओढणाऱ्या पुरुषांत न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. खेड्यांत क्षयाला नशीब म्हणतात, हें येथें आठवतें.

‘परोक्ष धूम्रपान’ म्हणजे दुसऱ्याच्या विडीचा धूर आपल्या नाकांत जाणें. जपानचे ताकेशी हिरायामा यांनीं ९१,५४० न ओढणाऱ्या गृहिणींची नोंद ठेवून १९८१ सालीं दाखविलें कीं नवरा ओढणारा असल्यास बायकोस फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो. याहून जास्त स्पष्टीकरण नको.

राहिला ‘तंबाखू-नियंत्रण’ हा शब्द, ज्यानें तंबाखू पिकविणाऱ्याच्या पोटांत गोळा येतो. नियंत्रण म्हणजे लागवडीस बंदी नव्हे. आपल्या देशांतील २००३ चा कायदा जाहिराती, सार्वजनिक ठिकाणचें धूम्रपान, अठरा वर्षांखालील मुलांस विक्री व पाकिटावरील इशारे यांविषयीं आहे; शेताच्या बांधाआंत तो येत नाहीं. करवाढीनें मात्र मागणी घटते, व अर्थशास्त्रज्ञ त्यास ‘मागणीची लवचिकता’ म्हणतात: किंमत शेकडा १० वाढली तर खप सुमारें ४ ते ५ नीं उतरतो. म्हणजे खप घटतो, पण एका हंगामांत कोसळत नाहीं. १९८१ सालीं निपाणी भागांतील तंबाखूचे शेतकरी रस्त्यावर आले व गोळीबारांत कित्येकांनीं प्राण गमावले, तें आंदोलन भावासाठीं होतें, कोणा आरोग्य-खात्याविरुद्ध नव्हतें. आमच्या मतें भावाची अनिश्चितताच शेतकऱ्यास या पिकापासून दूर नेण्यास अधिक कारण झाली आहे. त्याच भागांत पाणी पोंचलें तेथें ऊस व इतरत्र सोयाबीन हीं पिकें लोकांनीं स्वतःच धरलीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानें जो आंतरराष्ट्रीय करार २००३ सालीं संमत झाला, त्यास भारतानें २००४ सालीं मान्यता दिली. त्याच्या १७ व्या कलमांत तंबाखू पिकविणाऱ्यांस व त्यांतील कामगारांस परवडणारे पर्याय मिळवून देण्याविषयीं, व १८ व्या कलमांत लागवडींत राबणाऱ्यांच्या आरोग्याच्या रक्षणाविषयीं लिहिलें आहे. पहिल्या कलमाची चर्चा अधूनमधून ऐकूं येते. दुसऱ्याची जवळजवळ नाहींच. हिरव्या तंबाखूची बाधा, हातमोजे आणि मजुरांची तपासणी हे विषय त्या १८ व्या कलमांत बसतात, आणि तें कलम पुढें करून शेतकी खात्याकडे ठराव पाठविण्यास गांवोगांवच्या आपल्या सोसायट्यांस कोणाची परवानगी लागत नाहीं.