अष्टावक्राला दारात का अडवलं?

कोपरीतल्या एका देवळात परवा कीर्तनात अष्टावक्राची गोष्ट रंगली. आठ ठिकाणी वाकडा मुलगा जनकाच्या दरबारात येतो, पंडित हसतात, तो त्यांना ‘कातड्याचे पारखी’ म्हणतो.

ही झाली लोकांच्या तोंडची कथा.

महाभारताच्या वनपर्वात मात्र द्वारपाल त्याला अडवतो तो वयामुळे. पोरासोरांना आत प्रवेश नाही! केस पिकले म्हणून कोणी थोर होत नाही, असं सुनावून अष्टावक्र आत जातो. वडील कहोड ज्याच्याशी वादात हरले होते, त्या बंदी नावाच्या पंडितालाच हरवतो.

चौदाव्या शतकात मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्यांनी, वरच्या रूपावरून माणसाची पारख करू नये, हेच वाकड्या उसाच्या दाखल्यातून मांडलं.

तुमच्या आजीच्या गोष्टीत अष्टावक्राला कोण हसलं होतं? नक्की लिहा, शंका असतील तर त्याही विचारा.