हजार पानांतून पंचवीस पानांकडे

रविवारची संध्याकाळ. पाच मित्र जमलेत. एकाला योद्धा व्हायचंय, एकीला जादूगार. पुस्तक उघडतं आणि प्रश्न सुरू होतात. वंश कोणता घ्यायचा? पूर्वायुष्य कोणतं? कौशल्यं किती निवडायची? ही जादू किती फुटांपर्यंत लागू होते? दोन तास असे निघून जातात, तरी गुहेच्या तोंडाशीसुद्धा कुणी पोचलेलं नसतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीची मूळ तीन पुस्तकं मिळून हजाराच्या घरात पानं होतात, आणि ती सगळी इंग्रजीत. बेळगाव-निपाणी पट्ट्यात घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी असा कारभार असतो. इथं हौसेनं खेळ मांडणाऱ्यांची दमछाक होते ती या पानांपाशी. माझं म्हणणं सरळ आहे. खेळ सोडू नका, पुस्तक बदला. याच खेळाचा जुना, साधा अवतार आपल्या बैठकीला जास्त मानवणारा आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात, आणि जिथं निकालाची खात्री नसते तिथं फासा टाकतात. पट नसला तरी चालतं. हार-जीत नसते. गोष्ट आधी लिहिलेली नसते, ती बोलता बोलता घडत जाते. आंबोली घाट उतरलं की दशावतारी मंडळी कथानक ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. ज्यानं ते पाहिलंय त्याला हा खेळ परका वाटायचं कारण नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत १९७४ साली हा खेळ छापला. खोक्यात तीन लहान पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती फक्त हजार प्रतींची. १९८१ साली टॉम मोल्डवे यांनी नवशिक्यांसाठी संपादित केलेली पुस्तिका ६४ पानांत आटोपते. तेवढ्यावर महिनोन्‌महिने खेळता येतं. पुढं आवृत्त्या वाढत गेल्या तसे नियमही वाढले. प्रत्येक शंकेला एक नियम आला, आणि सूत्रधाराच्या हातातला निर्णय हळूहळू पानांवर गेला.

नियम फुगायचे आणि मग कुणी तरी ते छाटायचे, हे याआधीही झालेलं आहे. या सगळ्या खेळांचा पूर्वज म्हणजे प्रशियाच्या सैन्यातला युद्धखेळ. १८२४ साली राइसविट्झ या अधिकाऱ्यानं तो सैन्यापुढं मांडला. नकाशा, ठोकळे, फासे आणि निकालाचे तक्ते असं त्याचं स्वरूप होतं. पुढं तक्ते इतके माजले की अधिकारी कंटाळले. मग १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानं तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ चालवायची पद्धत मांडली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, त्या बेळगावात निवृत्त सुभेदारांची घरं गल्लोगल्ली सापडतात. पंचाचा निवाडा तक्त्यापेक्षा मोलाचा का, हे त्यांना एका वाक्यात पटेल.

आता जुन्या पद्धतीनं खेळ कसा चालतो ते जवळून पाहू. गडहिंग्लज तालुक्यातला सामानगड निपाणीकरांना लांबचा नाही. तिथल्या विहिरीच्या पायऱ्या कमानींखालून जमिनीच्या पोटात उतरतात. समजा, सूत्रधारानं तीच जागा घेतली आणि तिला थोडा कल्पनेचा मसाला लावला. तो सांगतो, “शेवटची कमान ओलांडलीत. पुढं भिंत आहे. पाणी दिसत नाही, पण कुठं तरी थेंब पडतोय.”

नव्या पद्धतीत खेळाडू म्हणतो, “मी शोध घेतो.” वीस पैलूंचा फासा पडतो, त्यात कौशल्याचा आकडा मिळवला जातो. पंधरा किंवा त्याहून जास्त झालं तर चोरदरवाजा सापडतो, नाही तर नाही. जुन्या पद्धतीत हा फासा नाहीच म्हटलं तरी चालेल. खेळाडूला विचारावं लागतं.

“भिंतीवर शेवाळ सगळीकडं सारखंच हाय काय?”

“नाही. डावीकडं हातभर पट्टा कोरडा आहे.”

“मग मी बिडी पेटवतो. धूर कुठं जातोय बघूया की.”

सूत्रधाराला ठाऊक आहे की त्या पट्ट्यामागं वाट आहे आणि तिथून वारा वाहतो. म्हणून तो सांगतो, धूर सरळ वर गेला नाही, भिंतीतल्या फटीत ओढला गेला. फासा नाही, आकडा नाही. दार सापडलं ते खेळाडूच्या डोक्यानं. पात्राच्या कागदावर ‘बिडीचा धूर’ नावाचं कौशल्य कुठंही लिहिलेलं नव्हतं, निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात वाढलेल्या माणसाला ते आपसूक सुचलं. आपल्या अंगची माहिती, आपल्या गावची अक्कल खेळात थेट कामाला येते. जुन्या पद्धतीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

दुसरी गंमत हिशेबाची आहे. जुन्या नियमांत मशाल एक तास जळते, कंदिलाला एका बुधल्याच्या तेलात चार तास मिळतात. खेळातल्या दर वीस मिनिटांनी सूत्रधार सहा पैलूंचा फासा टाकतो. एक पडला की अंधारातून कुणी तरी चालत येतं. त्यामुळं “प्रत्येक दगड तपासू” म्हणणाऱ्याला तेल मोजावं लागतं. येणारा प्राणी दरवेळी अंगावर धावतोच असंही नाही. दोन फासे टाकून त्याचा रागरंग ठरतो आणि बोलणी करायला वाव राहतो. पात्राची प्रगती होते ती मुख्यतः बाहेर आणलेल्या खजिन्यावर. सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळतो. राक्षस मारला तर त्या मानानं फारच थोडं हाती लागतं, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराकडं एकच मंत्र आणि सहसा फार तर चार हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, असतात. समोरासमोर भिडणं परवडतच नाही. शत्रू टाळायचा, वाट शोधायची, माल काढायचा आणि उजाडायच्या आत परतायचं. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

या जुन्या वाटेवर माणसं परत का आली, त्याला कायद्याचंही कारण आहे. २००० साली खेळाच्या मालक कंपनीनं नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली दिला. त्याच्या आधारानं २००६ पासून हौशी लोकांनी जुने नियम नव्यानं लिहून काढले. ‘ऑस्रिक’ आणि ‘बेसिक फँटसी’ ही त्यातली सुरुवातीची नावं. मॅट फिंच यांनी २००८ साली जुन्या पद्धतीनं कसं खेळावं यावर एक छोटी पुस्तिका लिहिली, ती आजही नवख्यांच्या हाती देतात. गॅविन नॉर्मन यांच्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शिअल्स’नं १९८१ चेच नियम सुटसुटीत मांडले. जानेवारी २०२३ मध्ये तो खुला परवाना बदलण्याचा कंपनीचा मसुदा बाहेर आला, जगभर विरोध झाला, आणि २७ जानेवारीला कंपनीनं पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. या गडबडीत पुष्कळ गटांनी दुसरे खेळ चाळून पाहिले. केल्सी डिऑन यांचा ‘शॅडोडार्क’ त्याच वर्षी आला. त्यात मशाल घड्याळातल्या खऱ्याखुऱ्या तासाभरानं विझते.

आपल्याकडं सुरुवात करायची तर मी ‘केर्न’ सुचवेन. योखाई गाल यांनी २०२० साली लिहिलेली ही पुस्तिका जेमतेम पंचवीस पानांची आहे आणि मोफत मिळते. पात्राला गुण तीनच: ताकद, चपळाई, मनोबल. सामानाला दहा खण. खण भरले की संपलं, मग दोरी ठेवायची की कंदील यावर वाद घाला. जादू मंत्रपोथीतून होते, ती पोथीही एक खण अडवते, आणि मंत्र वापरला की येणारा शीणही खणातच जाऊन बसतो. हल्ला लागला की नाही यासाठी फासा नाही. हल्ला लागतोच, फक्त इजा किती ते मोजायचं. त्यामुळं तलवार उपसण्याआधी प्रत्येक जण दहादा विचार करतो. हे सगळे नियम मराठीत पंधरा मिनिटांत सांगून होतात, आणि शेजारी बसलेल्या कन्नडभाषक मित्राला त्याच्या भाषेत सांगायलाही तेवढाच वेळ लागतो.

तोटेही सांगायला हवेत. पात्रं मरतात, लवकर मरतात. एकाच नायकाची दोन वर्षं चालणारी कहाणी ज्यांना हवी आहे, किंवा लढाईतले डावपेच आकड्यांवर तोलायला ज्यांना आवडतात, त्यांनी पाचव्या आवृत्तीतच राहावं. दुसरं म्हणजे नियम कमी झाले की भार सूत्रधारावर येतो. तो पक्षपाती निघाला किंवा हट्टाला पेटला तर बैठक मोडते. त्यानं संकटाची चाहूल आधी द्यायला हवी, विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला हवं, आणि आपला निवाडा चुकला असं दिसलं तर तो तिथंच दुरुस्त करायला हवा. हे साधतं ते सरावानं.

बाकी साहित्य किरकोळ आहे. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. चार, आठ, बारा, वीस पैलूंचे फासे ऑनलाइन मिळतात, पण त्यांच्यासाठी अडून बसू नका. १९७९ साली खुद्द अमेरिकेत फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खेळाच्या त्या वेळच्या प्रकाशकांनी खोक्यात आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून खुशाल काढा.

दिवाळीत बेळगावातली मंडळं आणि पोरं माती-दगडाचे किल्ले उभारतात. बुरूज, चोरवाटा, टाकी, दरवाजे यांचा बारीक अभ्यास करून ते बांधलेले असतात. सुट्टी संपेपर्यंत त्या किल्ल्यांवर मावळे मांडलेले राहतात आणि मग सगळं मोडलं जातं. या वर्षी मोडायच्या आधी त्याच किल्ल्याचा नकाशा वहीत उतरवून घ्या. हिवाळ्याचे सगळे रविवार खेळायला तो पुरेल.

आणि इंग्रजीचे, मराठीचे शिक्षक, पत्रकार, कॉलेजातली मुलं यांना एक विनंती. ‘केर्न’चा परवाना कुणालाही भाषांतराची मोकळीक देतो. अट एवढीच की मूळ लेखकाचं नाव द्यायचं आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. पंचवीस पानं दोघा-तिघांनी वाटून घेतली तर महिन्याभराचं काम आहे. सीमाभागात दोन भाषा सहज बोलणारी माणसं घरोघर आहेत, तेव्हा मराठी आणि कन्नड असे दोन्ही मसुदे इथूनच निघावेत. कुणी तरी हे मनावर घ्या.